आबांची खुर्ची : अंगणासाठी लाकडी खुर्ची घरी कशी करावी

नववीची परीक्षा संपवून मी मे महिन्यात गावी पोहोचलो, तेव्हा आबांची अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची मोडून पडली होती. प्लॅस्टिक वर्षानुवर्षे उन्हात राहिले की ठिसूळ होते. मागचा एक पाय तडकला आणि आबा थोडक्यात वाचले. आबा म्हणजे माझे आजोबा. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात आहे. रोज संध्याकाळी पाच ते सात आबा अंगणात बसतात आणि माणसे पेन्शनचे, सातबाराचे कागद घेऊन त्यांच्याकडे येतात. त्यांचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. उठताना कोणी हात पुढे केला तर ते एवढेच म्हणतात, "हात खाली घे." त्यामुळे आमच्या घरात आता कोणी हात पुढे करत नाही.

नवीन खुर्ची मी करायची ठरवली. ती कशी केली ते या लेखात सांगणार आहे. खरे म्हणजे मी दोन खुर्च्या केल्या. पहिली चुकली, आणि ती का चुकली हे कळल्याशिवाय दुसरीची मापे कळणार नाहीत, म्हणून आधी पहिलीविषयी.

शाळेच्या वाचनालयात लाकूडकामाचे एक जुने इंग्रजी पुस्तक आहे. त्यातला ‘ॲडिरॉन्डॅक’ खुर्चीचा आराखडा मी वहीत उतरवून नेला होता. ॲडिरॉन्डॅक हे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरांचे नाव आहे. तिथल्या वेस्टपोर्ट या गावी थॉमस ली नावाचे गृहस्थ सुट्टीत राहायचे. बाहेर बसण्यासाठी मनासारखी खुर्ची मिळेना म्हणून १९०३ साली त्यांनी स्वतःच खुर्ची करायला घेतली आणि एकेक नमुना करून घरच्या माणसांना त्यात बसवून पाहिले. पुढे हॅरी बनेल या सुताराने तिचे पेटंट घेतले, ते १९०५ मध्ये मंजूर झाले. रुंद हात, मागे उतरत जाणारी बैठक आणि कललेली उंच पाठ असे तिचे रूप आहे. ओसरीवर आणि हिरवळीवर तर ती चालतेच, पण आजारी माणसाच्या खुर्चीतही तिचे रूपांतर करता येते, असे त्या पेटंटमध्ये म्हटले आहे. ते वाचून मला वाटले, आजारी माणसाला चालते म्हणजे आबांना चालणारच.

लाकडाची सोय घरातच होती. आमचे जुने घर उतरवून स्लॅबचे घर बांधले तेव्हा निघालेले सागवानी वासे आणि दोन तुळया गोठ्याच्या माळ्यावर पडून होत्या. जुन्या लाकडाचा मोठा फायदा असा की ते पूर्ण वाळलेले असते. ओले लाकूड वाळताना आकसते आणि पीळ खाते, मग जोड उघडे पडतात. तोटाही आहे. जुन्या वाशांत तुटलेले खिळे लपलेले असतात आणि वरून दिसत नाहीत. त्यातल्या एका खिळ्यावरून मी रंधा चालवला आणि सुतारमामांच्या पात्याला खांडा पाडला. त्यानंतर प्रत्येक तुकड्यावरून आधी लोहचुंबक फिरवायचा नियम केला. जुन्या स्पीकरमधले चुंबक या कामाला उत्तम.

ज्यांच्या घरी असे लाकूड नाही त्यांना वखारीतून घ्यावे लागेल. तिथे घनफुटाचा भाव असतो. सागवान घेताना मधल्या गाभ्याचे, तपकिरी सोनेरी लाकूड मागा. त्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून ते पावसात टिकते आणि वाळवी सहसा लागत नाही. सालीजवळचा फिकट भाग त्याच झाडाचा असला तरी त्याला हे गुण नसतात. बाभूळही बळकट असते, बैलगाडीला वापरतात, पण वाळलेली बाभूळ हाताने कापणे म्हणजे शिक्षाच. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण उघड्यावर लवकर कुजतात आणि पोखरल्या जातात.

पहिली खुर्ची अकरा दिवसांत झाली. बैठकीची उंची पुढे साडेचौदा इंच आणि मागे दहा, पुस्तकाप्रमाणे. त्या दिवशी संध्याकाळी आबा तिच्यात बसले, पाठ टेकली, दोन्ही हात रुंद फळ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "झकास." माणसे आली. कोणी विचारले की माझ्याकडे बोट दाखवायचे. सात वाजले, माणसे गेली, आबा बसूनच राहिले. आजीने जेवायला हाक मारली. "येतो," म्हणाले. मला वाटले खुर्ची आवडली. अंधार पडला तसे त्यांनी मला सांगितले, "अंगणातला दिवा घालव आणि आत जा."

दिवा घालवून मी दाराआड थांबलो. आबा तीनदा पुढे झुकले आणि तीनदा मागे पडले. मग एका कुशीवर वळून, हात जमिनीला लावून, गुडघ्यांवर आले आणि ओसरीचा खांब धरून उभे राहिले. जेवताना ते माझ्याशी नेहमीसारखे बोलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ओसरीच्या कडेवर बसले. खुर्चीविषयी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

मी सुतारमामांकडे गेलो. त्यांनी वहीतला आराखडा पाहिला आणि विचारले, "ही मापं कुणाची?"

"पुस्तकातली."

"पुस्तक बसणार हाय का तुझ्या खुर्चीत? आबांची मापं कुठं हायत?"

नववीच्या विज्ञानात आपण बल आणि गती शिकलो, पण उठण्याचा विचार मी कधी केला नव्हता. तुम्ही आता करून पाहा. खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय पुढे ठेवा आणि पुढे न झुकता उठा. उठता येणार नाही. उठण्यासाठी शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या वर आणावा लागतो. त्यासाठी आपण नकळत दोन गोष्टी करतो. पावले मागे, गुडघ्यांच्या खाली घेतो आणि धड पुढे झुकवतो. बैठक मागे उतरती असेल तर कंबर गुडघ्यांपेक्षा खाली जाते आणि गुरुत्वमध्य पावलांपासून दूर, मागे राहतो. माझ्या पहिल्या खुर्चीत १९ इंचांत साडेचार इंच उतार होता, म्हणजे जवळजवळ १३ अंश. चौदा वर्षांचा मुलगा झटका मारून त्यातून बाहेर येतो. गुडघे झिजलेल्या माणसाला तो चढ आहे. शिवाय पुढच्या दोन पायांमध्ये मी खाली आडवी फळी मारली होती, त्यामुळे टाचा मागे जायला जागाच नव्हती. आजारी माणूस त्या खुर्चीत पडून राहू शकतो, हे पेटंटमधले म्हणणे खोटे नाही. तो एकटा उठेल असे त्यात कुठेच म्हटलेले नव्हते.

आबांची मापे घेणे सोपे नव्हते, कारण कशाला ते सांगायचे नव्हते. "शाळेचा प्रकल्प आहे," असे मी म्हणालो. ते ओसरीवर ताठ बसले, जणू गणवेशाचे माप द्यायचे आहे. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोलगट भागापर्यंतची उंची, चप्पल घालून, १७ इंच. कंबरेच्या मागून त्याच खोलगट भागापर्यंत १९ इंच. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत साडेआठ इंच, खांद्यापर्यंत २२ इंच. कमरेची रुंदी १५ इंच. ही पाच मापे मिळाली की खुर्चीची मापे आपोआप निघतात, आणि ती अशी निघतात.

बैठकीची पुढची उंची मी १८ इंच धरली, म्हणजे आबांच्या मापापेक्षा एक इंच जास्त. गुडघे दुखणाऱ्याला थोडी उंच बैठक सोपी जाते. फार उंच केली तर पाय लोंबकळतात आणि बैठकीची कड मांडीखाली रुतते. बैठकीची खोली १७ इंच, म्हणजे १९ मधून दोन वजा, नाहीतर पाठ टेकायला गेले की कड गुडघ्यामागे लागते. मागची उंची १७ इंच. १७ इंचांत एकच इंच उतार, साडेतीन अंशांपेक्षाही कमी. पाणी साचू नये आणि माणूस पुढे घसरू नये इतकाच. हातांची उंची बैठकीपासून नऊ इंच. हात पुढे बैठकीच्या कडेपर्यंत यायलाच हवेत, कारण उठताना तळव्यांनी त्यांच्यावरच भार द्यायचा असतो. पाठ सुमारे १२ अंश मागे, म्हणजे २२ इंच उंचीत पावणेपाच इंच कल. टॅनजंटचे कोष्टक मी भावाच्या दहावीच्या पुस्तकातून घेतले.

आता लाकूड. पाय चार, प्रत्येकी दोन बाय अडीच इंच जाडीचे आणि २६ इंच उंच. बैठकीखाली बाजूच्या दोन पट्ट्या आणि आडव्या तीन, सगळ्या तीन इंच रुंद, एक इंच जाड. हातांच्या दोन फळ्या चार इंच रुंद आणि २३ इंच लांब. बैठकीच्या सहा पट्ट्या, २२ इंच लांब, अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड. पाठीच्या पाच पट्ट्या, २५ इंच लांब, तीन इंच रुंद, त्याच जाडीच्या. वर दोन तिरके आधार. प्रत्येकाचे घनफळ काढून बेरीज केली तर सुमारे १५६० घनइंच होतात. एका घनफुटात १७२८ घनइंच, म्हणजे खुर्चीत प्रत्यक्ष ०.९ घनफूट लाकूड जाते. कापताना आणि रंधताना वाया जाते ते धरून दीड घनफूट घ्यावे.

वासे फाडून पट्ट्या काढायचे काम सुतारमामांनी त्यांच्या मशीनवर केले. त्या गोल पात्याजवळ त्यांनी मला उभेसुद्धा राहू दिले नाही. बाकीचे काम हातकरवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि ड्रिल एवढ्यांवर झाले. सुतार लोक इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. सुरुवातीला मी सेंटिमीटरच्या टेपने मोजत होतो आणि मामा सुतात सांगत होते. दोन दिवस माझी डोकेदुखी झाली, मग मीही सुतावर आलो.

आधी दोन्ही बाजू तयार करा. एक पुढचा पाय, एक मागचा पाय, त्यांना आतून जोडणारी बैठकीची पट्टी आणि वर हाताची फळी. इथे एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. बैठक १८ इंचांवर हवी म्हणून बाजूची पट्टी मी १८ इंचांवर खूण करून ठेवली होती. पण तिच्यावर पाऊण इंचाची बैठक येणार, म्हणून पट्टीची वरची कड पुढे सव्वासतरा आणि मागे सव्वासोळा इंचांवर हवी. जिथे पट्टी पायाला बसते तिथे पायात दोन सूत खोल खाच पाडून ती आत बसवा. मग आबांचा भार लाकडावर येतो, स्क्रूवर नाही.

दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करून आडव्या पट्ट्यांनी जोडा. एक पट्टी पुढे बैठकीच्या लगेच खाली, एक मागे बैठकीच्या पातळीवर. पुढच्या पायांत खाली काहीही नको, तिथे टाचा येणार आहेत. तिसरी पट्टी हातांच्या मागच्या टोकांना. हाताच्या फळ्या मागच्या पायांच्या तीन इंच पलीकडे ठेवायच्या त्या यासाठीच. पाठीच्या पट्ट्या खाली बैठकीच्या मागच्या पट्टीला आणि वर या पट्टीला टेकतात. खालची पट्टी पुढे आणि वरची दोन इंच मागे, म्हणून पाठीला कल आपोआप मिळतो. स्क्रू पक्के करण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच कोपरे काटकोनात आहेत. माझे तीन सुतांनी चुकले होते, पुन्हा सैल करून ठोकावे लागले.

चौकोन कितीही घट्ट केला तरी ढकलला की तिरका होऊ शकतो, त्रिकोण होत नाही. आपल्या ऑब्स्टॅकल कोर्सच्या लाकडी भिंतीला मागून तिरके टेकू आहेत, ते याचसाठी. मागच्या प्रत्येक पायापासून बाजूच्या पट्टीपर्यंत एकेक तिरका आधार मारल्यावर खुर्चीचे डुलणे एकदम थांबले. भूमितीतले वाक्य हाताला जाणवले असे माझ्याबाबतीत पहिल्यांदाच झाले.

बैठकीच्या पट्ट्यांमध्ये तीन सुताची फट ठेवा. सहा पट्ट्यांचे १५ इंच आणि पाच फटींचे जवळजवळ दोन, मिळून १७ होतात. फटीतून पाणी जाते हे उघड आहे. पण दुसरे कारण महत्त्वाचे. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ अजिबात नाही. आमच्याकडच्या पावसात चिकटून मारलेल्या पट्ट्या एकमेकींना ढकलून स्क्रू उपटतात. सर्वात पुढच्या पट्टीची वरची कड रंध्याने गोल करा, मांडी तिथेच टेकते.

स्क्रू पितळी घ्या. साध्या लोखंडी स्क्रूंना गंज चढतो आणि सागवानात त्यांच्याभोवती काळे डाग पडतात. पितळ मात्र मऊ असते. जुन्या कडक सागवानात माझी चार स्क्रूंची डोकी तुटली. मग मामांनी युक्ती सांगितली. आधी ड्रिलने भोक पाडायचे, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडायचे, तो काढून घ्यायचा आणि मग पितळी स्क्रूला साबण लावून फिरवायचा. त्यानंतर एकही तुटला नाही.

पाय सारखे करणे हा स्वतंत्र धडा आहे. पहिल्या खुर्चीचा एक पाय मोठा वाटला म्हणून कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, असे करता करता ती मूळच्यापेक्षा अर्धा इंच बुटकी झाली. या वेळी खुर्ची सपाट शहाबादी फरशीवर ठेवली, आखूड पायाखाली पातळ कपचा सरकवून डुलणे थांबवले, मग लाकडाचा एक सपाट तुकडा फरशीवर ठेवून त्याच्या वरच्या कडेने चारही पायांवर पेन्सिलीने रेघ मारली आणि एकदाच कापले. ही कापणी होणार हे धरून पाय आधी अर्धा इंच लांबच ठेवावेत.

शेवटी पॉलिश पेपरने घासून जवसाचे उकळलेले तेल लावा. रंगाच्या दुकानात ते बेलतेल म्हणून मिळते. पातळ हात द्यायचा, पंधरावीस मिनिटांनी जास्तीचे पुसून घ्यायचे, दिवसभर वाळू द्यायचे आणि पुन्हा एकदा तसेच. पायांची खालची टोके मात्र तेलाच्या वाटीत रात्रभर बुडवून ठेवा. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी असते आणि पाणी टोकातून सर्वात जास्त वर चढते. आम्ही पायांखाली जुन्या टायरचे तुकडेही मारले. आणखी एक इशारा पालकांनीही लक्षात ठेवावा. या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यांच्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. ते मोकळे पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सगळा खर्च सहाशे चाळीस रुपये झाला, कारण लाकूड घरचे होते आणि मामांनी मजुरी घेतली नाही. रंध्याच्या पात्याचे पैसेही घेतले नाहीत. ते पाते मी दगडावर दोन दिवस घासून धार लावून दिले.

खुर्ची मी दुपारी अंगणात ठेवली आणि पाच वाजता घरात थांबलो. आबा आले. तिच्याभोवती एक फेरी मारली, पाठीला हात लावून हलवून पाहिली आणि बसले. मग लगेच उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा हात फळ्यांवर ठेवून त्यांनी घराकडे न बघताच हाक मारली, "प्रकल्पवाले, बाहेर या."

मी गेलो. ते म्हणाले, "डावा हात दोन सूत खाली आहे." मी मोजून पाहिले. दोनच सूत खाली होता. दुरुस्त करू का विचारले तर म्हणाले, "राहू दे. सवय होईल." सात वाजता माणसे गेली आणि आबा अंगणातल्या उजेडात, सगळ्यांसमोर उठून आत आले.

दिवाळीच्या सुट्टीत मी खुर्ची पुन्हा तपासली. अख्खा पावसाळा ती ओसरीच्या कडेला, अर्धी पावसात होती. सोनेरी रंग जाऊन ती राखाडी झाली आहे. तो बदल फक्त वरच्या पातळ थराचा असतो, खरवडले की आत पुन्हा सोनेरी दिसते. मागच्या एका तिरक्या आधाराचा स्क्रू सैल झाला होता, तो अर्धा इंच लांब घालून घट्ट केला. उजव्या मागच्या पायाचे टोक काळे पडू लागले होते, कारण त्याच्याखालचा टायरचा तुकडा निघून गेला होता. टोक वाळवून पुन्हा तेलात बुडवले. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर एवढे करावेच लागेल. बुटकी खुर्ची माझ्या बहिणीने परसात नेली आहे. तिच्यात बसून ती गोष्टींची पुस्तके वाचते आणि मनात येईल तेव्हा उडी मारून बाहेर येते.

माळ्यावर अजून तीन वासे शिल्लक आहेत. आजीने मला दोनदा आठवण करून दिली की आबांच्या खुर्चीत तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मी माप घेतले आहे. चप्पल घालून साडेपंधरा इंच.